नॉर्मल लॉस

बाबांकडे गोल शिक्का नाही, म्हणून माझा फील्ड प्रोजेक्ट परवा परत आला. आत काय लिहिलंय याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण आत कुणी बघितलंच नव्हतं. सरांनी शेवटचं पान उघडलं, बाबांच्या सहीखाली बोट ठेवलं आणि विचारलं, "शिक्का?"

"शिक्का नाही सर. आंबे आहेत."

"संस्थेचा गोल शिक्का लागतो. ही संस्था नाही."

बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला हा फील्ड प्रोजेक्ट असतो. दोन क्रेडिटचा. एका क्रेडिटला प्रात्यक्षिकाचे ३० तास, म्हणजे एकूण ६० तास विद्यार्थ्याने क्षेत्रात जाऊन अनुभव घ्यायचा. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना हापूसची कलमं आहेत. क्षेत्रातून बाहेर पडायला मला एसटी लागते, आत जायला नाही. विषयही घरचाच निवडला होता, आंब्याच्या कन्साइनमेंट विक्रीचे हिशेब. बागायतदार माल वाशीच्या घाऊक बाजारात पाठवतो, माल त्याच्याच मालकीचा राहतो, दलाल तो विकतो, आपला खर्च, आणि २०१६ पर्यंत कमिशनही, कापतो आणि उरलेल्या पैशांची पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, पाठवतो. पुस्तकात या पट्टीला 'अकाउंट सेल्स' म्हणतात. पुस्तकातला अ नेहमी ब ला सायकली नाहीतर तेलाचे डबे पाठवतो आणि आकडे एकमेकांना नि:शेष भागले जातात. आमच्या माळ्यावर मात्र खऱ्या पट्ट्या आहेत, तारेत ओवलेल्या. हमाली, गाडीभाडं, आणि 'किरकोळ' नावाचा एक खर्च, जो कधीच किरकोळ नसतो. त्या सगळ्या उतरवून, धूळ झटकून मी हिशेब मांडला होता.

माझ्या मागच्या मुलीचा प्रोजेक्ट एका मोठ्या मोटार कंपनीच्या खेळत्या भांडवलावर होता. त्या कंपनीचं फाटकसुद्धा तिने बघितलेलं नाही. शिक्का तिच्या मामाच्या हार्डवेअरच्या दुकानाचा होता. पण गोल होता. पास.

कॉलेजचं नाव सांगत नाही. अजून तिथून पदवी घ्यायची आहे. आणि सरांवर माझा रागही धड राहत नाही, हीच पंचाईत. ते तासिका तत्त्वावर आहेत. अकाउंटन्सी तेच शिकवतात, बिझनेस लॉ तेच शिकवतात, आणि कुणी रजेवर गेलं की पर्यावरणही तेच शिकवतात. २०२० चं शैक्षणिक धोरण आल्यापासून आमच्या पदवीत मेजर आहे, मायनर आहे, ओपन इलेक्टिव्ह आहे, कौशल्याचा पेपर वेगळा, मूल्यांचा वेगळा, भाषेचा वेगळा, शिवाय खेळ, योग, एनएसएस यांचे क्रेडिट, पुढे चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचा घ्यायचा, आवडीप्रमाणे. आमच्याकडे भूगोलाचे शिक्षक रिकामे होते, त्यामुळे सगळ्या वर्गाला एकदम भूगोलाची आवड निर्माण झाली. जर्नल एंट्री, म्हणजे हिशेबाच्या मूळ नोंदी, कधी शिकायच्या, असं एकाने विचारलं तर सर म्हणाले, "वेळ मिळाला की घेऊ."

भारतीय ज्ञान परंपरेचा पेपर मात्र मला मनापासून आवडला. त्यात सरांनी कौटिल्य घेतला होता. सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार त्याने मोजून लिहिले आहेत. वर असंही म्हटलंय, की पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते जसं कळत नाही, तसं कामावरचा अधिकारी पैसा कधी खातो ते कळत नाही. सगळा वर्ग मान डोलावत होता. मासे आणि अधिकारी, दोन्ही आमच्या परिचयाचे.

असो. शिक्का.

एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथेच शिक्के करून मिळतात. स्पायरल बाइंडिंगही तिथेच. दुकानदाराला आमचा अभ्यासक्रम प्राध्यापकांपेक्षा जास्त पाठ आहे, कारण सगळ्यांचे प्रोजेक्ट त्याच्याच हातून जातात. त्याने माझं पहिलं पान बघितलं आणि म्हणाला, "आंबो ह्या वर्षी लय झालो. काजू घेतलंस असतंस तर उठून दिसला असता."

माझ्या आधी एक आजोबा रांगेत होते. डोक्याला टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आठ-अ, आधारकार्ड आणि अवकाळी पावसाच्या नुकसानभरपाईचा अर्ज. मशीन तापलं होतं, म्हणून झेरॉक्स थांबली होती. आजोबा थांबले नव्हते.

"खंयच्या वर्गात गो?"

"बीकॉम. दुसऱ्या वर्षाला."

"आणि शिक्को कोणाचो?"

"बाबांचा."

"बापाशीचो शिक्को कॉलेजाक कित्याक होयो? बापूस कोणाचो ता तेंका म्हायत नाय?"

मी समजावून सांगितलं. तिथेच माझं चुकलं म्हणणार होते, पण नाही, चूक त्या तापलेल्या मशीनची होती. आजोबांनी माझ्या हातातला प्रोजेक्ट घेतला, चष्मा पुसला आणि तो वाचायला लागले. इतक्या दिवसांत तो वाचणारा हा पहिला माणूस. एका पानावर ते थांबले.

"ह्या काय? नॉर्मल लॉस?"

म्हटलं, समजा १०० पेट्या पाठवल्या. सगळा खर्च धरून १,९०,००० रुपये झाले. त्यातल्या पाच पेट्या वाटेत पिकून, सडून जाणारच, हे गृहीत धरायचं. तो नॉर्मल लॉस. मग १,९०,००० ला ९५ ने भागायचं. चांगल्या पेटीची किंमत पडली २,००० रुपये.

"म्हणजे सडलेल्या पेटयेंचो भार चांगल्यांच्या डोक्यार."

"हो."

"आणि पाचच सडतले ह्या ठरवता कोण?"

पुस्तकात याचं उत्तर नाही. पुस्तकात 'असे समजा' एवढंच असतं.

"दलाल ठरवता," आजोबांनीच उत्तर दिलं. "मी हयसर, आंबो थयसर. तेना सांगल्यान पंधरा सडले, की पंधरा सडले. आतून खराब, साको निघालो म्हणता. मी काय वाशीक जाऊन आंबो कापून बघू?"

दुकानदार म्हणाला, "तात्यानू, मशीन थंड झाला. सातबारा देवा."

"थांब रे. चेडू शिकवता हा." मग माझ्याकडे वळून, "तेची नोंद खंय करतंस? त्या पाच पेटयेंची?"

इथे माझी खरी अडचण झाली. कारण नॉर्मल लॉसची स्वतंत्र नोंद करतच नाहीत. तो अटळ असतो म्हणून उरलेल्या मालात मुरवून टाकतात. ॲबनॉर्मल लॉस असेल, म्हणजे आग, चोरी, अपघात, तर त्याची किंमत काढून तो नफा-तोटा खात्याला नेतात, विमा असेल तर कंपनीकडून वसूल करतात. हे मी सांगितलं.

आजोबा बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे जा नुकसान दरवर्षी होता, तेची वहीत नोंदच नाय?"

"नाही."

"आणि अवकाळी पाऊस?"

"तो ॲबनॉर्मल."

"दरवर्षी पडता."

मी गप्प.

"बरा. मुंबई-गोवा हायवेर ट्रक उलाटलो, आंबो गेलो. ह्या नॉर्मल का ॲबनॉर्मल?"

"अपघात म्हणजे ॲबनॉर्मल, आजोबा."

"कसो काय? तो रस्तो २०११ पासून करतत. मिशी काळी होती माझी. थय ट्रक सरळ गेलो तर ॲबनॉर्मल." दुकानात आणखी तीन-चार माणसं जमली होती, ती सगळी हसली. एकाने तर टाळी दिली. व्याख्येप्रमाणे बघायला गेलं तर आजोबांचं म्हणणं खोडता येत नव्हतं. जो तोटा अटळ आणि मालाच्या वाटेचाच भाग, तो नॉर्मल. परीक्षेत असं लिहिलं तर शून्य मिळेल, ही गोष्ट वेगळी.

मग ते पान उलटून 'डेल क्रेडेरे कमिशन'वर आले. दलालाला थोडं जास्त कमिशन द्यायचं, आणि मग गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर ते दलालाने सोसायचे. हे ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"दलाल सोसतलो?"

"हो."

"ह्या खंयच्या देशात?"

"शब्द इटालियन आहे."

"मग आंबो थय धाडूया. २०१६ साली सरकारान सांगल्यान, शेतकऱ्याकडसून आडत, म्हणजे दलालाचा कमिशन, घेवची नाय. बरा झाला म्हटलंय. आडत गेली आणि भाव खाली इलो. पैसो जाताच, दार तेवढा बदलता." मग जरा थांबून, "तुमच्या कॉलेजात ह्या शिकवतत?"

मी चिडून कौटिल्याचे चाळीस प्रकार सांगितले. त्यांनी मन लावून ऐकलं.

"चाळीसच?"

शिक्क्याचं काम सोपं नव्हतं. दुकानदार म्हणे, वर्तुळ भरायला अक्षरं कमी पडतात. बाबांचं नाव घातलं, आडनाव घातलं, गाव घातलं, तरी खाली जागा उरली. त्याने दोन चांदण्या टाकल्या. तरी उरली. 'प्रोप्रायटर' टाकला. बाबा कशाचे प्रोप्रायटर, हे वर्तुळात कुठेच नव्हतं. पण शिक्का गोल होता, शाई जांभळी होती, आणि त्याने कागदावर मारून दाखवला तेव्हा बाबा खरंच संस्था वाटायला लागले. २५० रुपये. म्हणजे बाबांच्या कितीतरी डझन आंब्यांच्या पट्टीतला 'किरकोळ'.

"ह्यो खर्च खंय घालतलंस?" आजोबांनी विचारलं. त्यांना आता गोडी लागली होती.

"महसुली खर्च. त्याच वर्षाचा."

"कसो? शिक्को दहा वर्षां चलात. तेचो घसारो काढूक होयो." माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना भांडवली आणि महसुली खर्चातला हा फरक अजून सांगता येत नाही. आजोबांना दोन क्रेडिट द्यायला हवेत, असं मी म्हटलं. क्रेडिट म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं, मग ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सबद्दल सांगावं लागलं. मिळवलेले क्रेडिट बँकेत जमा होतात, सात वर्षांपर्यंत वापरता येतात.

"व्याज किती?"

"व्याज नाही."

"सात वर्षां बिनव्याजी ठेवतत आणि बँक म्हणतत." त्यांनी पिशवीतून आपला अर्ज काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "हेच्यार एक मार."

"आजोबा, हा माझ्या बाबांचा शिक्का आहे. तुमच्या अर्जाशी त्याचा काय संबंध?"

"तुझ्या अभ्यासाशी तरी काय संबंध? मार. तीनदा परत धाडल्यानी. गोल बघितल्यार कोण काय बोलाचो नाय."

मी दुकानदाराकडे बघितलं. तो सातबारा लावण्यात गर्क झाल्याचं दाखवत होता. मी मारला नाही. आजोबांनी माझ्या हातातून शिक्का घेतला, जिभेवर ठेवल्यासारखं करून त्यावर तोंडाने 'हाऽ' केलं, आणि आपल्या अर्जाच्या कोपऱ्यात स्वतःच दाबला. चांदण्यांसकट उमटला.

दुसऱ्या दिवशी मी प्रोजेक्ट घेऊन सरांकडे. सरांनी शेवटचं पान उघडलं, शिक्का बघितला, समाधानाने मान हलवली. मग पट्टी काढली. लाकडी, मोजायची. डावीकडचा समास दीड इंच हवा, माझा सव्वा आहे. परत बाइंडिंग.

"सर, आतला हिशेब बघितलात का?"

"हिशेब व्हायव्हाला बघू."

पुन्हा एसटी, पुन्हा तेच दुकान, पुन्हा सगळी पानं नव्याने छापून घेणं. पैसे कुठल्या खात्यात घालायचे, हे विचारायला या वेळी रांगेत कुणी नव्हतं. दुकानदाराने मात्र पानं मोजता मोजता सांगितलं, तात्यांचा अर्ज काल कचेरीत घेतला. मागे तीनदा परत पाठवणाऱ्यानेच घेतला. अर्ज हाताने लिहिलेला होता, कडेपर्यंत. समास अजिबात नव्हता.