मध्य प्रदेश ‘करून’ कसा यावा

सगळ्यात आधी क्रियापद सुधारा. मध्य प्रदेश बघायचा नसतो, करायचा असतो. ‘केरळ झालं, राजस्थान झालं, यंदा एमपी करून टाकू’ हे वाक्य दात घासता घासता म्हणता आलं की तुम्ही टूरला पात्र झालात. माझ्या अशा सात टूर झाल्या आहेत आणि सातही ठिकाणांबद्दल मला नाश्त्यापलीकडे काही सांगता येत नाही. तेव्हा सल्ला द्यायला माझ्याइतका लायक माणूस तुम्हाला मिळणार नाही.

पत्रक वाचायला शिका. वर ठळक अक्षरांत ‘मंदिरे, वारसा आणि वस्त्रपरंपरा’ असं असतं, ते सोडून द्या. ‘बाहेरून दर्शन’ म्हणजे बसच्या खिडकीतून, तीही तुमच्या बाजूची असली तर. ‘वेळ मिळाल्यास’ म्हणजे मिळणार नाही. ‘विणकरांशी संवाद’ म्हणजे दुकान. जेवणाचा रकाना मात्र दोनदा वाचा. त्यात ‘घरगुती मराठी पद्धतीचे भोजन’ असेल तरच पैसे भरा. मध्य प्रदेशात जाऊन आठ दिवस आमटी-भात खाता आला नाही तर एवढ्या लांब जायचं कशाला? सकाळी इंदूरच्या पोहे-जिलबीकडे पाहून ‘आपल्याकडचे पोहे वेगळे’ एवढं म्हणा, म्हणजे इंदूर झालं.

उज्जैनपासून एक शब्द सतत तोंडात ठेवा : ‘आपलंच’. होळकर आपले, शिंदे आपले, महाकालाचं आजचं देऊळ अठराव्या शतकात उभारणारे राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा तर आपल्यातलेही आपले. हे एकदा गाइडला ऐकवलं की बाकीचं ऐकण्याची गरज उरत नाही. पहाटे चारच्या भस्मारतीला जायचं असतं. रात्री दीडला उठायचं, रांगेत पेंगायचं आणि आत गेल्यावर मोबाइल नाही म्हणून हळहळायचं. ज्योतिर्लिंगांमध्ये हे दक्षिणाभिमुख म्हणून वेगळं, असं कोणी सांगू लागलं तर ‘हो, वाचलंय’ म्हणा. वाचलेलं नसलं तरी चालतं.

मांडूत गाइड रूपमती आणि बाजबहादूरची प्रेमकथा सांगेल. ती चाळीस मिनिटं चालते. १५६१ साली अकबराचा सरदार अधमखान चाल करून येतो तिथे टूरमधल्या दोन काकू डोळे पुसतात, तो भाग चुकवू नका. त्यामुळे होशंगशाहच्या संगमरवरी मकबऱ्याला चार मिनिटं उरतात. तिथे १६५९चा एक शिलालेख आहे. शाहजहानच्या दरबारचे वास्तुकार येऊन गेल्याचं त्यात कोरलंय. गाइड म्हणणार, ‘इसी को देखके ताजमहल बना.’ ताजचा घुमट त्याआधीच आग्ऱ्यात उभा होता, हा हिशोब मनातसुद्धा करू नका. पुढच्या मुक्कामाला उशीर होतो. बाहेर हातगाडीवर ‘मांडूची चिंच’ विकायला असेल. ते आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेचं फळ. एक घ्या. घरी आल्यावर ते काय आहे हे कोणालाच माहीत नसल्यामुळे तीन वर्षं शोकेसमध्ये राहतं.

बाघ या गावाचं नाव ऐकून आमच्या बसमधल्या अर्ध्या लोकांनी कॅमेरे बाहेर काढले होते. वाघ नाही. एक नदी आहे, बाघिनी नावाची, आणि काठावर वाळत घातलेलं लाल-काळं कापड. लेण्यांतली जुनी चित्रं बरीचशी काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेलीत, त्यामुळे लेणी ‘बाहेरून’. राहिले छापणारे खत्री. त्यांचे पूर्वज सिंधमधून आले. लाल रंगासाठी तुरटी, काळ्यासाठी गंजलेलं लोखंड, दोन्हींत चिंचोक्याची खळ. मग वाहत्या पाण्यात धुणं आणि धावड्याची फुलं टाकलेल्या तांब्याच्या हंड्यात उकळणं. हे सगळं सुरू असताना तुम्ही विचारायचा प्रश्न एकच : ‘धुतल्यावर रंग जाईल का?’ जो माणूस कापड तुमच्या घरी पोचण्याआधीच इतक्या वेळा धुतो, त्याला हा प्रश्न ऐकून काय वाटतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही. सवय असते. कापडाला सुरुवातीला एरंडेल आणि बकरीच्या लेंड्या लावतात हे कोणी सांगितलं तर मात्र हातातला दुपट्टा लगेच खाली ठेवा आणि सॅनिटायझरची बाटली फिरवा.

आता महेश्वर. इथे जरा जपून, कारण इथे काहीतरी दिसण्याचा धोका जास्त आहे.

बस थांबली की धावत घाटावर जा आणि पहिल्या पायरीवर बसून खाकऱ्याचं पाकीट फोडा. तुम्ही ज्या दगडावर बसलात त्याच्या आसपास, किल्ल्याच्या भिंतीवर, कट्ट्यांच्या कडेला नक्षी कोरलेली आहे. कुठे नर्मदेसारखी लाट, कुठे विटांची ओळ, कुठे चटाईची वीण. हीच नक्षी थोड्या वेळानं काठ होऊन साडीवर भेटणार असते. अहिल्याबाईंनी इथे विणकर आणून वसवले आणि भिंतीवरचा दगड मागावर गेला, असं इथे सांगतात. काशी विश्वनाथापासून देशभर देवळं आणि घाट बांधणाऱ्या या बाईची स्वतःची गादी वाड्यात बघायला मिळते. ती इतकी साधी आहे की आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ ‘खरी आत असेल’ म्हणत पुढची दारं उघडून पाहत होते.

मधल्या काळात माग बंद पडत चालले होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली यांनी रेहवा सोसायटी काढली आणि गावातल्या बायका पुन्हा मागावर बसल्या. हे कळलं म्हणून साडी स्वस्त मिळत नाही, तेव्हा पुढे चला.

आम्हाला एका घरात नेलं होतं. ठरलेला वेळ पंधरा मिनिटं, त्यातली सात चपला काढण्यात गेली. मागावर एक वयस्क गृहस्थ होते. रेशमाचा ताणा, सुताचा बाणा, धोटा इकडून तिकडे, खट् खट्. आमच्यातल्या एका साहेबांनी मागावर बसून फोटो काढून घेतला, त्या भानगडीत दोन तार तुटले. म्हाताऱ्यानं काही न बोलता ते जोडले. बोटाला थुंकी लावून, चिमटीत पिळून, पापणी न हलवता. मग आमच्या हिला म्हणाले, ‘आओ बहनजी, एक चीज दिखाता हूँ.’ कडेला ठेवलेली साडी घेतली, काठ बोटावर धरला. ‘इधर से देखो...’ आणि काठ उलटला, ‘अब इधर से...’ तेवढ्यात टूर मॅनेजरची शिट्टी झाली. शिट्टी झाली की निघायचं, हा टूरचा पहिला नियम. शेवटच्या जोडीला सगळी बस टाळ्या वाजवून लाजवते. साडी आम्ही घेतली होती, पैसे दिले आणि पळालो.

रेल्वेच्या प्रवासात खिडकीचा पडदा लावून घ्या. १९५७ साली विष्णू श्रीधर वाकणकर भोपाळकडे जाताना डब्यातून बाहेर बघत बसले. लांबचे खडक त्यांना काहीतरी ओळखीचे वाटले, ते उतरून चालत गेले आणि भीमबेटका सापडलं. बाहेर बघितलं की असं होतं. हजारो वर्षांपूर्वीची चित्रं, हरणं, शिकारी, नाचणारी माणसं; आणि एका मराठी माणसाच्या मागे जन्मभराचं काम. तुम्ही पत्ते खेळा.

सांचीला पोचल्यावर दोनशेची नोट काढायची, स्तूपासमोर धरायची, फोटो. मग ‘एवढंच?’ असं म्हणायचं. दक्षिण तोरणावर एक ओळ कोरलेली आहे : हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं. म्हणूनच दगड असूनही काम दागिन्यासारखं बारीक. कठड्यांवर आणि फरशीवर दान देणाऱ्यांची नावं आहेत, शेकड्यांनी. भिक्षुणी, व्यापारी, गृहिणी, एक चक्क विणकर. दोन हजार वर्षांपूर्वी एका विणकरानं आपलं नाव दगडावर राहील अशी सोय केली. आमच्या साडीबरोबर मिळालेल्या पावतीवर विणणाऱ्याचं नाव नव्हतं, टूर मॅनेजरचं मात्र होतं, कमिशनच्या रकान्यात. ते कार्बन कॉपीत चुकून आमच्याकडे आलं. अशा गोष्टी घडल्या की कागदाची घडी करायची.

चंदेरीत मीच फसलो, तेव्हा हा परिच्छेद मनापासून लिहितोय. इथला माग खड्ड्यात असतो, विणकर जमिनीत पाय सोडून बसतो. प्रत्येक बुट्टीसाठी वेगळी छोटी कांडी, तिला ‘तिल्ली’ म्हणतात. साडीच्या रुंदीत जितक्या बुट्ट्या, तितक्या तिल्ल्या तारांवर ओळीनं पडलेल्या. प्रत्येक आडव्या तारेला एकेक उचलायची, चार तारांखालून काढायची, ठेवायची, पुढची. मोहरेएवढी गोल अशर्फी बुट्टी पुरी व्हायला हे किती वेळा करावं लागतं ते मी मोजायला लागलो आणि आमच्यातल्या कोणीतरी खास आपला प्रश्न टाकला : ‘दिवसाला किती होतं?’ विणकरानं करंगळी आणि अंगठा ताणून वीतभर अंतर दाखवलं. सगळे हळहळले. त्यानंतर गाइड आम्हाला एका एसी दुकानात घेऊन गेला आणि हळहळणाऱ्या सगळ्यांनी किंमत निम्म्यावर आणायला सुरुवात केली.

दुकानदार ‘असली हैंडलूम’ म्हणत होता. तुम्ही एकच करा : साडी उलटून पाहू नका. मागावर तिल्लीनं विणलेली बुट्टी मागच्या बाजूनंही जागच्या जागी बंद होते. यंत्रावरच्या नकलेत एका बुट्टीकडून दुसरीकडे गेलेले धागे मागून कातरून टाकलेले असतात, त्यांची कुसळं राहतात. हे मला माहीत होतं. नेमकं एक तासापूर्वी कळलं होतं. पण साडेसहा हजारांचं मी सव्वातीनला आणलं होतं, त्या विजयात कोण मागची बाजू बघतो? हॉटेलवर हिनं साडी पलंगावर टाकली आणि उलटली. मी लगेच टीव्ही लावला. वीतभर दाखवणाऱ्या माणसाला त्या दिवशी आमच्याकडून टाळ्या मिळाल्या आणि पैसे सुरतेच्या की कुठल्या यंत्राला गेले.

खजुराहोत वागण्याची पद्धत ठरलेली आहे. बायकांनी लक्ष्मण मंदिराच्या जोत्यावरच्या हत्तीघोड्यांकडे टक लावून बघायचं, पुरुषांनी बुटाची नाडी बांधायला मागे राहायचं. मैथुनशिल्पं एकूण शिल्पांच्या फार तर दहाव्या हिश्श्याइतकी, पण टूरचं सगळं संभाषण त्यावरच. कनिंगहॅम नावाच्या साहेबानं एकट्या कंदारिया महादेवावर ८७२ मूर्ती मोजल्या. त्यात पत्र लिहिणारी आहे, पायातला काटा काढणारी आहे, डोळ्यांत काजळ घालणारी आहे. चंदेल राजांच्या काळात, हजार वर्षांपूर्वी, कुणीतरी दगडावर नेसूचं वस्त्र इतकं तलम कोरलं की ते अंगावर आहे की नाही हे फक्त काठावरून कळतं. पण आमचा गाइड म्हणाला, ‘फैमिलीवाले आगे चलिए’, आणि फॅमिलीवाले पुढे गेले. तिथेच लागून मतंगेश्वराचं देऊळ आहे, आजही पूजेतलं. तिथे चपला काढाव्या लागतात म्हणून कोणी आलं नाही.

घरी आल्यावर फोटो ग्रुपवर टाका, तीनशे बारा, कोणता कुठला ते न सांगता. चिवडा संपला, बिलं जुळली, चंदेरी ‘कामवाल्या मावशींना दिवाळीला’ अशा गठ्ठ्यात गेली.

महेश्वरी राहिली. पुतण्याच्या मुंजीला नेसायची म्हणून ही परवा फॉल-पिकोला घेऊन गेली, मीही पिशवी धरायला सोबत. फॉलवाल्या ताईंनी साडी मशीनवर पसरली आणि विचारलं, ‘सुलट बाजू कोणती, वहिनी?’ हिनं काठ बघितला. उलटला, पुन्हा बघितला. ट्यूबलाइटखाली नेला. इकडूनही तीच लाट, तिकडूनही तीच, विटाही तशाच, जरीचा एक धागा कुठे लोंबत नाही. ताईंनी चष्मा लावला. दुकानातल्या आणखी दोघी उठून आल्या, चौघींनी मिळून साडेपाच मीटर साडी दोन्हीकडून तपासली.

शेवटी ही माझ्याकडे वळली. ‘ते मागावरचे आजोबा हेच काहीतरी दाखवत होते ना हो? काय म्हणाले होते?’

‘तेव्हाच शिट्टी झाली होती,’ मी म्हणालो.