केबलवरची कॉलर शाबूत आहे म्हणून किलोमीटर खरे ठरत नाहीत

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि जुन्या गाड्या घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: स्पीडोमीटरची केबल जिथे जोडलेली असते त्या जोडावर छेडछाड रोखणारी कॉलर, म्हणजे जोड झाकणारं कडं, बसवता येते. ती असली की मीटर मागे फिरवताच येत नाही, म्हणून कॉलर शाबूत तर रनिंग खरं. डिजिटल मीटरच्या गाड्यांनाही ती चालते. तिच्यावरचं सील सरकारी असतं. सील तुटलेलं दिसलं तर सौदा मोडा. कॉलर असेल तर विमा कंपनी किलोमीटरवरून वाद घालत नाही. आणि आपल्याकडे मीटर फिरवण्याविरुद्ध कायदाच नसल्याने कॉलर हाच एक उपाय.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण घरातली पहिली गाडी बऱ्याच जणांची जुनीच असते, तिच्यात वर्षानुवर्षांची बचत जाते, आणि नेमक्या त्याच माणसाला हा मजकूर चुकीच्या जागी बघायला लावतो. म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

‘कॉलर असली की मीटर मागे फिरवताच येत नाही.’

मीटरची केबल म्हणजे बाहेर आवरण आणि आत फिरणारी पिळाची तार. जुन्या मोटारींत ती गिअरबॉक्समधल्या छोट्या गिअरवरून फिरते. स्प्लेंडरमध्ये किंवा जुन्या चेतकमध्ये पुढच्या चाकाच्या हबमधून. वरच्या टोकाला ती मीटरमधलं चुंबक फिरवते, त्याच्या ओढीने काटा सरकतो, आणि त्याच दांड्यावरच्या वर्मवरून (पिळाच्या गिअरवरून) आकड्यांच्या चकत्या पुढे जातात. काटा आणि किलोमीटर दोन्ही एकाच तारेवर चालतात. तार सुटली की दोन्ही थांबतात.

जोडाशी खाचा पाडलेला एक नट असतो, तो हाताने किंवा पकडीने सुटतो. कॉलर हा नट झाकते. काही कॉलर दोन कवचांच्या असतात, एकदा बसल्या की मोडल्याशिवाय उघडत नाहीत. काहींच्या स्क्रूचं डोकं घट्ट करताना तुटून पडतं, मग पान्याला धरायला काही उरत नाही. काहींत बाहेरची नळी नटाभोवती मोकळी फिरते, त्यामुळे पकड लावली तरी नळीच गरगरते आणि आतला नट जागचा हलत नाही. रचना हुशारीची आहे. किलोमीटरच्या हिशेबाने भाड्याने दिलेली गाडी असो किंवा मालकाचा टेम्पो, चालवणारा वाटेत केबल सोडतो, हवं तेवढं फिरतो आणि परत येताना जोडून टाकतो, हे अडवायला कॉलर उपयोगाची आहे. कॉलर बसवली त्या दिवशीचा आकडा मालकाला माहीत असतो आणि गाडी दर काही दिवसांनी त्याच्याच दारात येते. तिथे कॉलर आपलं काम नीट करते.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याची परिस्थिती याच्या अगदी उलट असते. कॉलर कधी बसली, कुणी बसवली आणि त्या दिवशी मीटर काय दाखवत होतं, यातलं त्याला काहीच माहीत नसतं. मीटर आधी मागे घेऊन मग कॉलर बसवली असेल, तर ती कॉलर खोटा आकडाच जपत बसते.

शिवाय केबलला टोकं दोन. वर कॉलर असेल तर खालचं टोक मोकळं, खाली असेल तर वरचं. दोन्हीकडे बसवली तरी मधली तार तोडता येते. गिअरबॉक्समधला मीटरचा प्लास्टिकचा गिअर वेगळ्या दात्यांचा टाकला की तार त्याच अंतराला कमी वेळा फिरते आणि कॉलरला धक्काही लागत नाही. टायरचंही तसंच आहे. मूळ टायरपेक्षा परीघ ५ टक्क्यांनी मोठा झाला, तर १ लाख किलोमीटर चाललेली गाडी सुमारे ९५ हजार दाखवेल, आणि यात फसवण्याचा हेतू असेलच असंही नाही. जुन्या काही मीटरांत केबलच्या टोकाला ड्रिल लावून उलटं फिरवलं की आकडे उतरायचे. ज्यांत उलटं फिरणं अडवलेलं असतं, त्यांची काचेभोवतीची पत्र्याची कडी उचकटून चकत्या हाताने फिरवल्या जातात. दुचाकीचं मीटर बघताना केबलपेक्षा आधी ही कडी बघा: दुमडलेल्या कडेवर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे आहेत का, आकडे एका ओळीत बसलेत की एखादा वर-खाली आहे.

आणखी एक साधी गोष्ट. जुन्या अनेक मीटरांत आकड्यांच्या पाचच चकत्या असायच्या. १,३२,००० चाललेली अशी गाडी ३२,००० दाखवते, आणि तिला कुणी हातही लावलेला नसतो.

‘डिजिटल मीटरलाही चालते.’

हा दावा सगळ्यांत जास्त नुकसान करतो, कारण आज बाजारात विकल्या जाणाऱ्या जुन्या मोटारींपैकी बहुतेकांना फिरणारी केबलच नाही. गिअरबॉक्सवरचा किंवा चाकावरचा सेन्सर विजेचे ठोके पाठवतो, कंट्रोल युनिट ते मोजतं, आणि एकूण किलोमीटर मीटरच्या आतल्या छोट्या मेमरी चिपमध्ये लिहिले जातात. तिथे नट नाही, मग कॉलर झाकणार काय?

अशा गाडीत आकडा बदलणारा माणूस स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीचे बिघाड तपासण्याच्या जोडणीला) यंत्र जोडतो, नाहीतर मीटर बाहेर काढून चिपवर थेट चिमटा लावतो. तिसरा प्रकार जास्त वाईट: मीटरचा प्लग आणि वायरिंग यांच्यामध्ये एक छोटी डबी बसवली जाते. ती येणारे संदेश गाळते आणि गाडी पळत असताना किलोमीटर वाढूच देत नाही. मागे घेण्याची वेळच येत नाही. मीटरच्या प्लगवर एखादी कॉलर डकवली, तरी यातला पहिला मार्ग पूर्ण मोकळा राहतो. म्हणूनच युरोपीय संघाने २०१७/११५१ या नियमात ही जबाबदारी थेट गाडी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली: ओडोमीटरचा, म्हणजे किलोमीटर मोजणाऱ्या मीटरचा, आकडा बदलता येऊ नये याची व्यवस्था गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येच हवी.

खरेदीदाराला मात्र याच इलेक्ट्रॉनिक्सचा फायदा घेता येतो. किलोमीटरची नोंद अनेक गाड्यांत मीटरशिवाय इंजिन, एबीएस किंवा एअरबॅगच्या युनिटमध्येही राहते, आणि फिरवणारा प्रत्येक वेळी सगळीकडे पोचतोच असं नाही. ओबीडी सॉकेटला लावायचा साधा ब्लूटूथ रीडर ‘एरर कोड (गाडीने नोंदवलेले बिघाड) पुसल्यापासून चाललेलं अंतर’ दाखवू शकतो. हे अंतर जास्तीत जास्त ६५,५३५ किलोमीटरपर्यंत मोजलं जातं. मीटर ३८,००० म्हणतंय आणि हे अंतर ५१,००० येतंय, तर पुढे बोलायची गरज नाही. उलट हा आकडा लहान निघाला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण कोड पुसले की तो शून्यावर येतो.

‘सील सरकारी असतं.’

नाही. हा घोळ रिक्षाच्या मीटरमुळे झाला असावा. रिक्षाचं आणि टॅक्सीचं भाड्याचं मीटर हे कायद्याने मापाचं साधन आहे. त्याची पडताळणी होते, वैधमापन शास्त्र विभाग (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) त्याला तार आणि सील लावतो, आणि त्या सीलशी छेडछाड हा वैधमापन कायदा, २००९ खाली गुन्हा आहे. भाडं बदललं की पुण्यातल्या रिक्षांना मीटर नव्याने कॅलिब्रेट करून घ्यावं लागतं, तेही याच व्यवस्थेतून. खासगी गाडीच्या ओडोमीटरला असं सील कुणी लावत नाही. संगम पुलाजवळच्या आरटीओत गाडी नावावर करताना भरायच्या फॉर्म २९ आणि ३० मध्ये किलोमीटरसाठी रकानासुद्धा नाही. खासगी गाडीवर दिसणारं शिशाचं सील बाजारात मिळणाऱ्या सामानातून कुणीही लावू शकतो. सीलला वजन येतं ते त्याचा क्रमांक दुसऱ्या कुणाच्या वहीत नोंदलेला असेल तरच.

‘सील तुटलं असेल तर सौदा मोडा.’

या सल्ल्याने प्रामाणिक विक्रेत्यावर अन्याय होतो, आणि मला हा मुद्दा मनापासून लागतो. केबल ही झिजणारी वस्तू आहे. आत पाणी गेलं, ग्रीस वाळलं की तार आधी खरखरते, काटा थरथरतो आणि एक दिवस ती तुटते. पुण्याच्या पावसात रोज बाहेर उभ्या राहणाऱ्या दुचाकीला हे नवीन नाही. बऱ्याच मोटरसायकलींचं पुढचं चाक पंक्चरसाठी काढायचं म्हटलं तरी हबमधली केबल सोडावी लागते. केबलवाल्या मोटारीचा गिअरबॉक्स क्लचच्या कामासाठी उतरवताना तीच गत. म्हणजे नीट निगा राखलेल्या गाडीचं सील तुटलेलं असण्याची शक्यता भरपूर. मीटरच नवीन बसवलेलं असेल तर आकडा शून्यापासून सुरू होतो. मालकाने जुन्या मीटरचा शेवटचा आकडा लिहिलेलं बिल जपलेलं असेल तर तो माणूस विश्वासाचा.

मग बघायचं कुठे? जिथे आकडा विक्रेत्याच्या हाताबाहेर नोंदला गेलाय तिथे. अधिकृत सर्व्हिस सेंटर प्रत्येक जॉब कार्डवर किलोमीटर लिहितं आणि ते कंपनीच्या संगणकात राहतात. गाडीचा क्रमांक देऊन मालकासमोरच ती यादी मागवा आणि आकडे तारखेप्रमाणे चढत गेलेत का, तेवढं बघा. एखाद्या वर्षी ६४,००० आणि पुढच्या वर्षी ४१,००० असेल तर उत्तर तिथेच आहे. यादी तीन वर्षांपूर्वी अचानक थांबली असेल तर का थांबली, ते विचारा. १६ फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलवर फास्टॅग सक्तीचा आहे, तेव्हा मालकाला फास्टॅगचं स्टेटमेंट मागायलाही हरकत नाही. दर आठवड्याला एक मुंबई फेरी म्हणजे जाऊन-येऊन साधारण ३०० किलोमीटर, वर्षाचे पंधरा हजारांच्या वर. मुंबईच्या वाटेवरच्या उर्से टोलच्या नोंदी आठवड्याला दिसत असतील आणि विक्रेता ‘वर्षाला पाच हजार, फक्त ऑफिसला जायला’ म्हणत असेल, तर दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

टायरच्या कडेवरच्या क्रमांकाच्या शेवटी तो कधी बनला हे सांगणारे चार आकडे असतात: ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. १८,००० किलोमीटर दाखवणाऱ्या २०१८ च्या गाडीला चारही टायर २०२२ चे असतील तर ते का बदलले, याचं उत्तर मिळायला हवं. पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड आणि ब्रेक डिस्कच्या काठावर चढलेली धार या गोष्टीही बघा, पण त्यांवर एकट्या विसंबू नका. पेडलचं रबर नवीन टाकायला फारसा खर्च येत नाही.

‘विमा कंपनी वाद घालत नाही.’

विमा पॉलिसीच्या अटींवर चालतो. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये किलोमीटरवर आधारित जोड-विम्याला परवानगी दिली, त्यामुळे काही पॉलिसींत ओडोमीटरचा आकडा आता खरोखर महत्त्वाचा आहे. पण कॉलर त्या आकड्याच्या खरेपणाचा पुरावा ठरत नाही. आपली पॉलिसी उघडून वाचा.

‘आपल्याकडे कायदाच नाही.’

अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्याबद्दल मला खेद आहे. अमेरिकेत १९७२ पासून ओडोमीटरचा वेगळा केंद्रीय कायदा आहे आणि विकताना आकडा लेखी जाहीर करावा लागतो. तरीही तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा अंदाज आहे की दरवर्षी साडेचार लाखांहून अधिक गाड्या खोट्या आकड्यांनिशी विकल्या जातात. बेल्जियमने दुसरी वाट धरली. २००६ पासून तिथे गाडीवर काम करणारी गॅरेजं त्या दिवशीचा आकडा ‘कार-पास’ या मध्यवर्ती नोंदीत कळवतात, आणि विक्रेत्याला तो इतिहास खरेदीदाराच्या हाती द्यावा लागतो. जोडावर पहारा ठेवण्यापेक्षा नोंदी जुळवणं जास्त खात्रीचं, हे तिथे ओळखलं गेलं. आपल्याकडे तसा वेगळा कायदा किंवा नोंद अजून नाही.

पण खोटा आकडा दाखवून गाडी विकणं ही फसवणूक आहे, आणि ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरांसाठी केंद्रीय नियम लागू झाले आहेत. त्यांत ताब्यातली गाडी कशासाठी, कुणी, केव्हा आणि किती किलोमीटर चालवली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवणं बंधनकारक आहे. ती दाखवायला सांगा. डीलरकडून फसलेला माणूस ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. मुदत दोन वर्षांची, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. गाडी ठाण्याच्या डीलरकडून घेतली असली तरी पुणेकर पुण्यातच दाद मागू शकतो.

तिथे टिकेल असा कागद मात्र सौद्याच्या दिवशीच करून घ्यावा लागतो. मीटरचा फोटो काढा, आणि विक्री करारात गाडीचा व चासिसचा क्रमांक, तारीख आणि त्या दिवशीचा आकडा घालून हे वाक्य लिहून घ्या: ‘मीटरवरील किलोमीटर माझ्या माहितीप्रमाणे खरे असून मीटर बदललेले किंवा मागे घेतलेले नाही, ते खोटे आढळल्यास संपूर्ण रक्कम परत करण्यास मी बांधील आहे.’ खाली विक्रेत्याची सही घ्या. सही करायला तो तयार नसेल तर पैसे देऊ नका.