चांगली पोरं मिळाली की कुणीही जिंकतं?

अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा (लांबट चेंडू हातात धरून पळायचा तो खेळ, पायाने खेळायचा नव्हे) विषय निघाला की अलाबामा विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक राहिलेल्या निक सेबनबद्दल एक वाक्य हमखास कानावर येतं: "अलाबामाकडे पैसा होता, देशातली निवडक पोरं होती. तिथे कुणीही जिंकला असता." जानेवारी २०२४ मध्ये सेबन निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ७ राष्ट्रीय विजेतेपदं होती. २००३ चं एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट विद्यापीठ), उरलेली ६ अलाबामाकडून.

"कुणीही" या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण ते कुणीही खरंच येऊन गेले होते. अलाबामाचा जुना नावाजलेला प्रशिक्षक बेअर ब्रायंट १९८२ च्या हंगामानंतर पायउतार झाला. तेव्हापासून सेबन येईपर्यंत अलाबामाला एकच विजेतेपद मिळालं, १९९२ चं. सेबनच्या आधीच्या दहा वर्षांत चार प्रशिक्षक नेमले गेले. त्यातल्या एकाला तर एकही सामना खेळवण्याआधीच काढलं. पैसा तेव्हाही होता, भलंमोठं मैदानही होतं. २००६ चा हंगाम ६ विजय, ७ पराभव असा संपला. सेबनचं पहिलं वर्षही काही सोन्याचं नव्हतं. घरच्या मैदानावर लुइझियाना-मन्रोसारख्या लहान संघाकडून २१-१४ ने हार! पुढच्या वर्षी मात्र नियमित हंगामातले बाराच्या बारा सामने जिंकले.

आता पोरांचं. भरतीत, म्हणजे शाळांतली चांगली पोरं आपल्या संघात आणण्यात, सेबन वर्षानुवर्षं पुढे होता, हे मान्यच. पण ती पोरं आकाशातून पडत नव्हती. घरोघरी जाऊन त्यांना आणणं हे प्रशिक्षकाचंच काम. शिवाय नुसत्या भरतीने भागत असतं, तर टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचं काय झालं? २०२२ ची त्यांची भरती देशात पहिल्या क्रमांकाची मानली गेली. त्याच हंगामात ५ विजय, ७ पराभव. प्रशिक्षक जिम्बो फिशर, एलएसयूत सेबनच्याच हाताखाली काम केलेला. पुढच्या वर्षी त्याला घरी पाठवताना उरलेल्या कराराचे म्हणून विद्यापीठाला साडेसात कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागले.

चांगली पोरं असली की उलट एक नवी डोकेदुखी सुरू होते: बाकावर बसवायचं कुणाला? ८ जानेवारी २०१८, अटलांटा, अंतिम सामना. मध्यंतराला जॉर्जिया १३-० ने पुढे. सेबनने जेलन हर्ट्स या मुख्य क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) बसवलं, ज्याने संघाला सलग दुसऱ्यांदा अंतिम सामन्यात आणलं होतं, आणि तुआ तागोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या मुलाला उतरवलं. जादा वेळेत तुआने आधी सोळा यार्ड गमावले, आणि लगेच पुढच्याच चेंडूवर ४१ यार्डांचा पास टाकून २६-२३ ने सामना संपवला. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. रुसून निघून जाण्याऐवजी हर्ट्स थांबला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तुआ जखमी झाल्यावर त्यानेच जॉर्जियाला ३५-२८ असं हरवलं. हे पैशाने विकत घेता येतं का, सांगा.

"एकच साचा, तोच गिरवला" असंही म्हणतात. २०११ चा अंतिम सामना अलाबामाने २१-० असा जिंकला, बचावाच्या जोरावर. २०२० चा ५२-२४ असा. मधल्या काळात वेगवान आक्रमणाचा खेळ आला, त्याबद्दल सेबनने जाहीर कुरकुर केली, मग २०१४ मध्ये लेन किफिनला आक्रमणाचा प्रशिक्षक म्हणून आणून स्वतःचंच आक्रमण बदलून टाकलं. साठी ओलांडलेला, बचावातच मुरलेला माणूस हे करतो, याला साचा म्हणत नाहीत.

"खेळाडूंना उघड पैसे मिळू लागताच पळाला" हाही आरोप आहे. ती मुभा २०२१ च्या जुलैत मिळाली. त्यानंतर तो तीन हंगाम राहिला, दोन वेळा परिषदेचं (अलाबामा ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्या गटाचं) विजेतेपद जिंकला, आणि ७२ व्या वर्षी थांबला. नवी पद्धत त्याला आवडत नव्हती, हे खरं.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये मात्र तो चालला नाही: मायामी डॉल्फिन्स संघाबरोबर दोन वर्षांत १५ विजय, १७ पराभव. आणि डिसेंबर २००६ मध्ये "मी अलाबामाचा प्रशिक्षक होणार नाही" असं ठणकावून सांगून दोन आठवड्यांच्या आत तो तिथेच हजर झाला. त्यावरून कुणी त्याला खोटारडा म्हणालं, तर मी वाद घालणार नाही.