सह्याद्रीतली फुलं मोजून झालेली नाहीत

पावसाळा आला की एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: सह्याद्रीतल्या वनस्पतींची मोजदाद इंग्रजांनी शंभर वर्षांपूर्वीच पूर्ण केली, कास पाहिलं की सगळी फुलं पाहिली, आता फोटो काढला की ॲप नाव सांगतं, तेव्हा झाडं तोडून कागदावर चिकटवणारे अभ्यासकच दुर्मीळ फुलांचे खरे वैरी. लिहिणाऱ्याला फुलांची कळकळ आहे हे उघड दिसतं. म्हणूनच हा मजकूर पटकन पटतो, आणि म्हणूनच तो खोडून काढायला हवा.

उदाहरण म्हणून रुईच्या कुळातली कंदीलपुष्पं घेऊ. गावाकडे यांना खरचुडी, हमण म्हणतात; शास्त्रीय नाव सेरोपेजिया.

इंग्रजांनी काम संपवलं, हा पहिला दावा. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा थिओडोर कुक यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला आणि आजही त्याच्यावाचून अभ्यासकांचं पान हलत नाही. पण पाचगणीच्या नावाची खरचुडी त्यात नाही. ती ब्लॅटर आणि मॅककॅन या वनस्पती-अभ्यासकांनी नंतर नोंदवली. स्वातंत्र्यानंतर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या एम. वाय. अन्सारी यांनी सह्याद्रीतल्या अनेक जातींना नावं दिली. नाशिकजवळच्या अंजनेरीची ‘अंजनेरिका’ २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. विशाळगडावर सापडलेल्या जातीला २०२३ मध्ये शिवरायांचं नाव मिळालं. राबत्या गडावर, जिथे वर्षभर माणसांची ये-जा असते, तिथे! शिवाय जुन्या नोंदी सगळ्याच नेमक्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात इथल्या वनस्पती गोळा करणाऱ्या स्टॉक्स आणि लॉ यांच्या कितीतरी वाळवलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर ठिकाण म्हणून ‘मलबार, कोकण इत्यादी’ एवढंच छापलेलं आहे. त्यावरून घाट कुठला, कडा कुठला, हे कसं शोधणार?

कासबद्दल फार लिहायला नको. ते पठार अप्रतिमच आहे, २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं ते उगाच नाही. पण अंजनेरीची खरचुडी कासला मिळत नाही. या वनस्पती एखाद्या डोंगराच्या, कधी एखाद्याच कड्याच्या असतात.

आता फोटोचा मुद्दा. तो नीट समजून घेण्यासाठी एक फूल जवळून पाहावं लागेल. इंच-दोन इंचांचं फूल, बुडाशी फुगीर, वर अरुंद नळी, आणि टोकाशी जुळलेल्या पाच पाकळ्यांचा पिंजरा. नळीत खालच्या दिशेने वळलेले केस. बारीक माशी आत उतरते आणि केसांमुळे परत वर येऊ शकत नाही. फूल मलूल होऊन केस सुकले की ती परागपुंज, म्हणजे परागकणांचे गठ्ठे, घेऊन सुटते. एक जात दुसरीपासून वेगळी करायची तर बऱ्याचदा हा फुगीर भाग ब्लेडने उभा चिरून आतला किरीट, म्हणजे मधोमध असलेला मुकुटासारखा भाग, भिंगाखाली बघावा लागतो. त्याच्या पाळ्या किती लांब, सरळ की वाकलेल्या, लव आहे की नाही. बाहेरून काढलेल्या फोटोत हे येतच नाही. ॲप आधी ओळखलेल्या फोटोंवरून सर्वांत जवळचं नाव सुचवतं; ज्या जातीला अजून नावच नाही, तिचं नाव ते कुठून आणणार? फोटो जरूर काढा. कुठे, कधी, काय फुललं हे कळायला त्यांची मोठी मदत होते. फक्त त्याला ओळख पटणं म्हणू नका.

नमुने गोळा करणाऱ्यांवरचा आरोप मला सर्वांत लागतो. खरचुडीचा वरचा वेल किंवा खोड पावसाळा सरला की वाळूनच जातं. जीव असतो तो जमिनीखालच्या कंदात. जाणता अभ्यासक कंद जागेवर ठेवतो, वरची फुलांची फांदी घेतो, आणि झाडं मोजकीच असतील तर तीही घेत नाही. तो वाळवलेला नमुनाच पुढे पुरावा ठरतो, कारण वनस्पतीचं शास्त्रीय नाव एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं. वाद झाला की पन्नास वर्षांनीही तोच कागद काढून बघतात. आणि याच मंडळींनी झाडं वाचवलीही आहेत: कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्मीळ खरचुड्या बागेत वाढवल्या.

खरचुडीला धोका आहे तो कंद खणणाऱ्यांचा, चराईचा, वणव्याचा, घाटरस्ते रुंद करताना तासल्या जाणाऱ्या कड्यांचा. हौशी लोकांनी नेमक्या ठिकाणासह टाकलेल्या फोटोंचाही. दुर्मीळ फुलाचा फोटो टाकताना डोंगराचं नाव गाळा, तालुका पुरे.

या मजकुराचं एक टोक मला खरंच घातक वाटतं. मोजदाद झालेलीच आहे असं सगळ्यांनी मानलं की सर्वेक्षणासाठी पैसा मागायलाही कारण उरत नाही. सह्याद्रीतले सडे, म्हणजे उघडी कातळपठारं, सरकारी कागदांवर कित्येकदा ‘पडीक’ म्हणून लागलेले आहेत. तिथे खाण किंवा रस्ता येऊ घातला की पहिला प्रश्न येतो, इथे असं आहे तरी काय? त्याचं उत्तर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असं तिन्ही महिन्यांत त्याच सड्यावर फिरून केलेल्या नोंदीतूनच देता येतं.