‘1917’मधला शीख सैनिक घुसडलेला नाही

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर निरोप पोचवायला निघालेल्या ब्लेक आणि स्कोफिल्ड या दोन ब्रिटिश सैनिकांची गोष्ट म्हणजे सॅम मेंडिसचा ‘1917’ हा सिनेमा. त्याच्यावरचा मेसेज पुन्हा फिरतोय. घरच्या ग्रुपवर तो आतेभावाने टाकला आणि त्याच्या दहावीतल्या मुलीने लगेच विचारलं, “म्हणजे आपले लोक तिथे नव्हतेच?” मेसेजचं म्हणणं असं: फ्रान्सच्या आघाडीवर भारतीय लढलेच नाहीत, ट्रकमधला शीख सैनिक आजच्या राजकारणापायी घुसडलाय, दोन पोरांची धावपळ म्हणजे युद्धपट नव्हे, गोष्ट सत्यकथा आहे, आणि सगळं एकाच शॉटमध्ये टिपलंय.

भारतीय लढलेच नाहीत? भारतीय सैन्याच्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन 1914च्या हिवाळ्यात तिथल्या खंदकांत होत्या. सिनेमातला दिवस 6 एप्रिल 1917. त्याच्या आदल्याच महिन्यात जर्मन हिंडेनबर्ग रेषेकडे, म्हणजे मागे बांधलेल्या आपल्या भक्कम बचावफळीकडे, हटले, तेव्हा त्यांच्या मागावर गेलेल्या घोडदळात भारतीय रिसाले होते. आपली पूना हॉर्स ही घोडदळाची रेजिमेंटसुद्धा तेव्हा फ्रान्समध्येच होती.

आणि जिवावर उदार होऊन निरोप पोचवणाराच हवा असेल, तर घोडदळातल्या लान्स दफेदार गोविंद सिंगला मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसचं, म्हणजे ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाचं, मानपत्र वाचा. राजस्थानातला हा राजपूत डिसेंबर 1917मध्ये, फ्रान्समधल्या कांब्रेच्या लढाईत, रेजिमेंट आणि ब्रिगेड मुख्यालय यांच्यामध्ये निरोप नेत होता. दीड मैल उघडं रान, समोर शत्रूची नजर, वरून तुफान मारा. तो तीनदा स्वतःहून निघाला. तिन्ही वेळा घोडा गोळी लागून कोसळला, तिन्ही वेळा उरलेली वाट त्याने पायी तुडवली आणि निरोप पोचवला. असा माणूस आपल्या इतिहासात असताना ‘आपले तिथे नव्हतेच’ हे आपल्याच पोरांना आपणच सांगायचं? याचा मला खरोखर संताप येतो.

एक गोष्ट मान्य करतो. 1915च्या अखेरीस भारतीय पायदळाचा बहुतेक भाग मेसोपोटेमियाकडे (आजच्या इराककडे) हलवला होता आणि भारतीय शिपाई आपापल्या रेजिमेंटमध्येच असत. ब्रिटिश पलटणीच्या ट्रकमध्ये एकटा शीख दिसणं विरळच. पण विरळ म्हणजे अशक्य नव्हे. याच पात्राबद्दल वेडंवाकडं बोललेल्या लॉरेन्स फॉक्स या ब्रिटिश नटाने 2020मध्येच शीख समाजाची माफी मागितली होती.

‘युद्धपट नव्हे’ म्हणणाऱ्यांनी सिनेमा नीट बघितला तरी का? स्कोफिल्डचा तळहात काटेरी तारेत फाटतो आणि थोड्याच वेळात तोच हात खड्ड्यातल्या कुजलेल्या प्रेतात रुततो. जळत्या विमानातून ज्या जर्मन वैमानिकाला ओढून वाचवलं, तोच ब्लेकच्या पोटात सुरा खुपसतो. ब्लेकचा चेहरा आपल्यासमोर पांढराफटक पडत जातो, कॅमेरा तिथून हटत नाही. आणखी कसलं युद्ध हवंय?

सत्यकथा म्हणाल, तर मेंडिसने आजोबा आल्फ्रेड मेंडिस यांच्या आठवणींतून धागा घेतला. ब्लेक आणि स्कोफिल्ड काल्पनिक आहेत. एकच शॉट तर नाहीच. लांबलांब तुकडे बेमालूम जोडलेत, आणि स्कोफिल्ड बेशुद्ध पडतो तिथे पडदा काळा होतो, तो कट कुणालाही दिसतो.