८ चा भूकंप ४ च्या दुप्पट नसतो, आणि आकडा बदलला म्हणजे कोणी लपवलं असंही नसतं

कुठे मोठा भूकंप झाला की थोड्याच वेळात एक मेसेज फिरायला लागतो. रिश्टर स्केल १ ते १० असतं म्हणजे ८ चा भूकंप ४ च्या दुप्पट, छोटे धक्के आले की ताकद निघून जाते आणि मोठा टळतो, आकडा जेवढा मोठा तेवढं नुकसान मोठं, आणि शेवटी "आधी एक आकडा सांगितला मग बदलला, खरं लपवतायत". लोक घाबरलेले असतात, काळजीपोटीच पुढे पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

दुप्पटचं आधी. अमेरिकन भूकंपशास्त्रज्ञ चार्ल्स रिश्टरने १९३५ साली ठरवलं ते असं, की भूकंपापासून १०० किलोमीटरवर ठेवलेल्या एका ठरावीक यंत्राच्या कागदावर रेघ १ मिलिमीटर हलली तर तो ३ चा भूकंप. १० मिलिमीटर हलली तर ४, १०० हलली तर ५. म्हणजे आकडा एकने वाढला की रेघ १० पट, आणि बाहेर पडणारी ऊर्जा तर साधारण ३२ पट. दोनने वाढला की हजार पट. मग ४ आणि ८ मध्ये फरक किती, तर दहा लाख पट! छोट्या धक्क्यांनी मोठा टळतो हेही इथेच निकालात निघतं, कारण एका ८ ची ऊर्जा निघायला ४ चे दहा लाख भूकंप लागतील, तेवढे होतच नाहीत.

१० ही वरची मर्यादा कोणी ठरवलेली नाही. आजवर नोंदलेला सगळ्यात मोठा १९६० चा चिलीचा, ९.५.

आता नुकसान. न्यूझीलंडमध्ये सप्टेंबर २०१० ला ७.१ चा भूकंप झाला, केंद्र क्राइस्टचर्च शहरापासून साधारण ४० किलोमीटर लांब, पडझड भरपूर झाली पण ढिगाऱ्याखाली कोणी गेलं नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये त्याच शहराला ६.२ चा बसला, ऊर्जा कितीतरी कमी, पण जवळजवळ शहराखालीच आणि जेमतेम ५ किलोमीटर खोल, १८५ माणसं गेली. आपल्याकडचा १९९३ चा किल्लारीही ६.२ च होता, पहाटे दगडमातीच्या जड भिंतींखाली माणसं झोपेत सापडली. भूकंपाचा हा आकडा, म्हणजे मॅग्निट्यूड, सांगतं जमिनीखाली काय घडलं. तुमच्या पायाखाली किती हललं ते वेगळं मोजतात, त्याला तीव्रता म्हणतात, मर्कालीचं स्केल १ ते १२ रोमन आकड्यांत असतं आणि एकाच भूकंपाची तीव्रता गावागणिक वेगळी येते.

आणि लपवण्याचा आरोप, जो मला सगळ्यात जास्त खटकतो. रिश्टरची मूळ पद्धत खूप मोठ्या भूकंपाला कमी पडते, भूकंप वाढला तरी आकडा वाढायचा थांबतो. म्हणून १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी या शास्त्रज्ञांनी मोमेंट मॅग्निट्यूड आणलं, त्यात फॉल्टचा (खडकातल्या ज्या भेगेवर जमीन सरकते तिचा) किती भाग तुटला, किती सरकला आणि खडक किती कडक आहे हे धरतात. मोठ्या भूकंपांना आज बहुतेक तोच आकडा देतात, बातम्यांत मात्र सवयीने रिश्टरच म्हणतात. पण नीट हिशोबाला जगभरच्या स्टेशनांचा डेटा लागतो आणि इशारा तर लगेच द्यायचा असतो, मग पहिला आकडा घाईचाच असणार.

११ मार्च २०११ ला जपानच्या हवामान संस्थेने भूकंपानंतर ३ मिनिटांत त्सुनामीचा इशारा दिला, तेव्हा त्यांचा आकडा होता ७.९. त्यावरून किनाऱ्यावरच्या मियागी प्रांताला ६ मीटर आणि शेजारच्या इवाते, फुकुशिमाला ३ मीटर लाटेचा अंदाज दिला गेला. नंतर आकडा ८.४ झाला, मग ८.८, दोन दिवसांनी ९.०, आणि लाटा किती तरी ठिकाणी १० मीटरच्याही वर गेल्या. हे सगळे बदल त्यांनी स्वतःच जाहीर केले, आणि पहिला आकडा कमी आला याची किंमत किती मोठी होती ते ओळखून २०१३ पासून नियमही बदलला. आता ८ च्या वरचा भूकंप वाटला की पहिल्या इशाऱ्यात मीटर सांगतच नाहीत, "प्रचंड" लाट येतेय एवढंच सांगतात आणि लगेच उंच जागी जायला लावतात.