‘टाके वाळले की बाळ घरी आणा’ : या सल्ल्यात काय चुकतंय

सांगली-साताऱ्याकडच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. त्यात म्हटलंय: ‘तान्ह्या बाळाचं ऑपरेशन दोन-तीन तासांचं असतं. टाके आठ दिवसांत वाळतात. पुढचे तीन-चार आठवडे बाळाला काचेत ठेवतात ते बिल वाढवायला. सही करून बाराव्या दिवशी बारशाला घरी आणा, घरच्या उबेत आणि गुटीवर ते लवकर सुधारतं.’ हे वाचून कुणी खरंच बाळ उचलून आणलं, तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

टाके वाळणं म्हणजे बरं होणं, ही पहिली चूक. वरची कातडी आठवड्यात जुळते, पण बाळ थांबलेलं असतं ते आतड्यासाठी. जन्मतः आतडं अडलेलं असेल, तर अडथळ्याच्या वरचा भाग आईच्या पोटातच फुगून अंगठ्याएवढा झालेला असतो आणि खालचा भाग पेन्सिलीसारखा बारीक राहिलेला असतो. सर्जन दोन्ही टोकं जोडतात. पण फुगलेला भाग लगेच अन्न पुढे ढकलत नाही, तो सैल पडून असतो. तोवर नाकातून पोटात घातलेल्या नळीतून पित्त बाहेर येत राहतं. आधी ते मेंदीच्या पाण्यासारखं हिरवं असतं, मग पिवळसर होतं, मग पाण्यासारखं पांढरं आणि थोडं. रंग उतरला, पोट मऊ राहिलं आणि शी झाली, की दूध सुरू होतं.

तेही किती? अडीच किलोच्या बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे 20 मिली धरलं, तर दिवसाचे 50 मिली होतात. दर तीन तासांनी पाजायचं म्हणजे एका वेळी जेमतेम सहा मिली, सव्वा चमचा. रोज साधारण तेवढीच वाढ करत किलोमागे 150 मिलीवर, म्हणजे एका वेळी 47 मिलीवर जायला सगळं सुरळीत चाललं तरी आठवडा लागतो. मध्येच पोट फुगलं किंवा हिरवी उलटी झाली, की दूध थांबवून पुन्हा खालून सुरुवात. या सगळ्या दिवसांत बाळ जगतं ते शिरेतून दिलेल्या प्रथिनं, स्निग्धांश आणि साखरेवर. नुसत्या ग्लुकोजच्या सलाईनवर वजन वाढत नाही. शिरेतलं हे पोषण घरी देता येत नाही.

‘शेजारच्यांच्या बाळाला दोन दिवसांत सोडलं,’ असंही कुणी म्हणतं. सोडलं असेलही. जठराचं तोंड आवळल्यामुळे होणाऱ्या फवाऱ्यासारख्या उलट्यांवरच्या ऑपरेशननंतर बाळ बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातं. अन्ननलिका जोडलेल्या बाळाची गोष्ट वेगळी. पाचव्या ते सातव्या दिवशी बरेच सर्जन एक्स-रेत दिसणारं औषध पाजून जोड गळत नाही ना, ते पाहतात. त्याआधी घरी नेऊन बोंडल्याने दूध घातलं आणि जोड गळत असला, तर ते दूध छातीत जातं. आतडी पोटाबाहेर घेऊन जन्मलेल्या बाळाला तर चार-सहा आठवडे सहज लागतात, कारण गर्भजलात राहून ती आतडी सुजून जाड झालेली असतात. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं साधं हर्नियाचं ऑपरेशन असलं, तरी रात्रभर लक्ष ठेवावं लागतं, कारण भुलीनंतर ते मध्येच श्वास घ्यायचं विसरतं.

बिलाची भीती मात्र खोटी नाही, आणि ती बोलून दाखवायला लाजू नये. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. खासगी रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल, तर पहिल्याच दिवशी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. सही करून बाळ घरी नेल्यावर भेटून उपयोग नाही.

संदेशाच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे: गरजेपेक्षा जास्त मुक्काम बाळाला बाधतो. रुग्णालयातले जंतू चिवट असतात, शिरेतली नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून चांगले डॉक्टर स्वतःच घाई करतात. पण त्यांची घाई तारखेवर नसते. बाळ सगळं दूध तोंडाने घेतंय, रोज 20-30 ग्रॅम वाढतंय, ऑक्सिजनशिवाय आणि काचेच्या पेटीबाहेर अंग गरम राखतंय, एवढं झालं की घरी. आणखी एक हिशेब अंतराचा. उमदीहून मिरजेला किंवा पाटणच्या वरच्या वाडीतून कराडला रात्री यायला किती वेळ लागतो, ते डॉक्टरांना आधी सांगा. त्यासाठी एखादा दिवस जास्त थांबवलं, तर ते योग्यच आहे.

गुटी आणि मध नकोच. मधातल्या जंतूने बाळ लुळं पडू शकतं, आणि नुकत्या जोडलेल्या आतड्याला उगाळलेलं काहीही चालत नाही. ऊब हवी असेल, तर डॉक्टरांना विचारून आईच्या उघड्या छातीशी बाळ धरा. आईने दर तीन तासांनी दूध काढत राहावं, नाहीतर बाळ प्यायला लागेल तेव्हा पान्हा आटलेला असेल.

घरी गेल्यावर हिरवी उलटी, फुगून टणक झालेलं पोट, पिताना निळे पडणारे ओठ किंवा थंडगार अंग, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.

आणि मुक्काम लांबतोय असं वाटलं, तर रोज सकाळी सिस्टरला चारच गोष्टी विचारून वहीत लिहा: आज दूध किती मिली, नळीतून मागे किती आलं, त्याचा रंग कोणता, वजन किती. तीन-चार दिवस हे आकडे जागचे हलले नाहीत, तर ती वही घेऊन सर्जनसमोर बसा आणि पुढे काय करणार ते विचारा.